विद्या हातात उतरावी : नेटवर्किंगच्या परीक्षा आणि परवडणारी प्रयोगशाळा
(व्याख्यानाचा लिखित पाठ)



सन १९९३ मध्ये अमेरिकेतील सिस्को या कंपनीने संगणकांचे जाळे उभारणाऱ्या तज्ज्ञांसाठी एक परीक्षा सुरू केली. सीसीआयई या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक द्यावयाचा, असे ठरले. संगणकशास्त्रात दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४, या संख्येला विशेष मान असल्याने गणनेचा आरंभ तेथूनच झाला. परंतु हा पहिला क्रमांक कोणाही व्यक्तीला मिळाला नाही. ज्या प्रयोगशाळेत परीक्षा होणार होती, त्या प्रयोगशाळेलाच तो देण्यात आला. माणसांची गणना १०२५ पासून पुढे सुरू झाली.

या लहानशा प्रसंगात या विद्येचे मर्म साठवलेले आहे. जाळे बांधण्याच्या विद्येत पहिला मान प्रयोगशाळेचा, त्यानंतर प्रमाणपत्राचा. आज मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. प्रमाणपत्र आधी, पुस्तक मधे आणि प्रयोगशाळा जमली तर, अशी अनेक घरांची स्थिती आहे. यामागे आळस क्वचित असतो. बहुधा कारण एकच असते, ते म्हणजे खर्च. म्हणूनच परवडणारी प्रयोगशाळा कशी उभी राहते, हा विषय विद्यार्थ्यांइतकाच पालकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

परीक्षेचे स्वरूप आणि तिची किंमत

सिस्को ही कंपनी लिओनार्ड बोसॅक आणि सँड्रा लर्नर या स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित दांपत्याने १९८४ मध्ये स्थापन केली. एका जाळ्यातील माहिती दुसऱ्या जाळ्यात योग्य मार्गाने पोहोचविणारे यंत्र म्हणजे राउटर, आणि एकाच जाळ्यातील संगणकांना परस्परांशी जोडणारे यंत्र म्हणजे स्विच. ही यंत्रे बसविणाऱ्या व सांभाळणाऱ्या तरुणांसाठी १९९८ मध्ये सीसीएनए ही प्राथमिक परीक्षा सुरू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिची नवी रचना झाली व पूर्वीच्या अनेक शाखांऐवजी एकच परीक्षा राहिली.

ही परीक्षा दोन तासांची असते. अभ्यासक्रमाचे सहा भाग आहेत. जाळ्याची मूलतत्त्वे २० टक्के, जाळ्यात प्रवेश म्हणजे स्विच व वायरलेस २० टक्के, मार्गनिश्चिती २५ टक्के, पूरक सेवा १० टक्के, सुरक्षितता १५ टक्के आणि स्वयंचलन १० टक्के. म्हणजे स्विच आणि राउटर प्रत्यक्ष चालविण्याशी निगडित असा भाग निम्म्याच्या आसपास जातो. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र तीन वर्षे ग्राह्य असते.

शुल्क ३०० अमेरिकी डॉलर, त्यावर कर वेगळा. रुपयांत ही रक्कम पंचवीस हजारांच्या पुढे जाते. अनुत्तीर्ण झाल्यास पाच दिवसांनंतर पुन्हा बसता येते, परंतु शुल्क पुन्हा पूर्ण भरावे लागते. मध्यमवर्गीय कुटुंबात ही रक्कम सहज निघत नाही. कोठे वडील दुकानाच्या भांडवलातून ती काढून देतात, कोठे आईची साठवण खर्ची पडते. अशा पैशावर परीक्षेला बसलेला विद्यार्थी सरावाअभावी नापास झाला, तर नुकसान केवळ रकमेचे होत नाही. त्या घरातील धाकट्या भावंडाला पुढे कोणी बसू देईल की नाही, हा प्रश्नही त्याबरोबर उभा राहतो.

पाठांतराचा आडमार्ग

खर्चाच्या धास्तीने काही विद्यार्थी एका आडमार्गाला लागतात. परीक्षेतील प्रश्न चोरून जमविलेले संच बाजारात फिरतात. ते पाठ करावेत, उत्तरांच्या अक्षरांवर खुणा कराव्यात आणि प्रमाणपत्र घरी आणावे, असा तो मार्ग. परीक्षेच्या नियमांचा तर तो भंग आहेच, आणि उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होते. परंतु त्याहून मोठी फसवणूक विद्यार्थ्याची स्वतःचीच होते.

मुलाखतीत समोरचा अनुभवी अभियंता फार अवघड काही विचारीत नाही. तो कागदावर दोन राउटर काढतो, चार पत्ते लिहितो आणि विचारतो, ‘या संगणकावरून त्या संगणकाकडे संदेश जात नाही. पहिल्यांदा काय पाहाल?’ पाठांतर केलेला तरुण येथे गप्प होतो, कारण या प्रश्नाला अ, ब, क, ड असे पर्याय नसतात. ज्याने हाताने शंभर वेळा जाळे बांधले आणि पन्नास वेळा बिघडविले, तो मात्र शांतपणे सांगू लागतो, ‘आधी वायर व दिवा पाहीन, मग पत्ता, मग प्रवेशद्वाराचा पत्ता, मग मार्गांची यादी.’ हा क्रम पुस्तकातही छापलेला असतो. तथापि तो अंगवळणी पडतो तो प्रयोगशाळेतच.

प्रयोगशाळेच्या तीन वाटा

एके काळी प्रयोगशाळा म्हणजे खरीखुरी यंत्रे असेच समीकरण होते. कंपन्यांनी काढून टाकलेले राउटर आणि स्विच जुन्या बाजारातून मिळत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस आणि बेंगळुरूचा एस. पी. रोड यांचीही तीच ख्याती. त्या काळी विद्यार्थी २५०० मालिकेचे जुने राउटर विकत घेत, दोन राउटरमध्ये जाड सीरियल केबल जोडून दूरच्या शाखेचा आभास निर्माण करीत. ज्या टोकाला घड्याळाचा वेग ठरवून द्यावा लागतो ते टोक कोणते, हे विसरल्याने कित्येकांच्या रात्री गेल्या आणि ते टोक त्यांच्या कायमचे लक्षात राहिले.

ही वाट आज पूर्णपणे बंद झालेली नाही, पण अरुंद झाली आहे. फार जुनी यंत्रे नव्या अभ्यासक्रमाला पुरत नाहीत, वीज खातात, तापतात आणि पंख्याच्या आवाजाने घर भरून टाकतात. म्हणून पूर्ण संच घेण्याचा अट्टहास नसावा. मात्र शक्य असल्यास एक जुना स्विच व त्याची कन्सोल केबल जवळ असावी. ती का, हे पुढे येईल.

दुसरी वाट अनुकरणाची. सिस्कोने १९९७ मध्ये नेटवर्किंग अकादमी हा शैक्षणिक उपक्रम सुरू केला. त्यासाठी तयार झालेले पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर नावनोंदणी करणाऱ्या कोणालाही विनामूल्य मिळते. साध्या संगणकावर ते चालते. पडद्यावर राउटर, स्विच, संगणक मांडावेत, वायरी जोडाव्यात, आज्ञा द्याव्यात. त्याची एक सोय तर खऱ्या यंत्रातही नाही. संदेश लिफाफ्याच्या रूपात एकेक पाऊल पुढे सरकताना दिसतो, आणि कोठे अडला, का अडला, हे लिफाफा उघडून वाचता येते. मर्यादा एवढीच की हे खऱ्या यंत्राचे अनुकरण आहे. काही आज्ञा त्यात नसतात. सीसीएनएच्या सरावासाठी मात्र ते बहुतांशी पुरेसे ठरते.

तिसरी वाट अशी की राउटरचे खरे सॉफ्टवेअरच आपल्या संगणकाच्या पोटात चालवावयाचे. २००५ मध्ये क्रिस्तोफ फिलो या फ्रेंच अभियंत्याने डायनामिप्स नावाचा कार्यक्रम लिहिला. सिस्कोच्या काही राउटरचे संपूर्ण यंत्रच साध्या संगणकात उभे करण्याची किमया त्याने साधली. पुढे जेरेमी ग्रॉसमन यांनी त्यावर चित्ररूप आवरण चढविले, तेच जीएनएस-३. हा कार्यक्रम विनामूल्य आहे. परंतु त्यात चालणारे राउटरचे सॉफ्टवेअर सिस्कोच्या मालकीचे आहे, आणि रीतसर परवान्याशिवाय ते वापरणे योग्य नाही. कोणीतरी पेन-ड्राइव्हवर दिले म्हणून ते आपले होत नाही. प्रामाणिकपणाच्या बळावर ज्या व्यवसायात दुसऱ्यांच्या तिजोरीइतक्याच मौल्यवान माहितीचे रक्षण करावयाचे आहे, त्याचे पहिले पाऊल उसन्या किल्लीने पडू नये.

सुदैवाने आज सरळ मार्गही स्वस्त झाला आहे. सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या कंपनीच्याच प्रणालीची वैयक्तिक आवृत्ती वार्षिक शुल्क घेऊन मिळते, आणि एका वेळी पाच यंत्रे चालविता येतील अशी विनामूल्य आवृत्तीही उपलब्ध झाली आहे. तिच्यासोबत येणारे सॉफ्टवेअर परवान्यासह येते. संगणकाची स्मृती मात्र पुरेशी हवी. लिनक्सवर चालणारे एफआरआर हे मुक्त राउटिंग सॉफ्टवेअर पूर्णतः निःशुल्क आहे, आणि त्याची आज्ञांची भाषा सिस्कोच्या भाषेशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. स्वयंचलनाच्या सरावासाठी सिस्कोच्या डेव्हनेट विभागाची दूरस्थ प्रयोगशाळा वेळ राखून विनामूल्य वापरता येते. संदेशांचे अंतरंग पाहण्यासाठी वायरशार्क आहे. जेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये इथिरियल या नावाने ते प्रसिद्ध केले, २००६ पासून ते वायरशार्क झाले, आणि आजही ते सर्वांसाठी खुले आहे.

सारांश, ज्या घरात एक बऱ्यापैकी संगणक आहे, त्या घरात प्रयोगशाळा आधीच आलेली आहे. ती उघडून बसण्याचे काम तेवढे उरले आहे.

चार प्रयोग

प्रयोगशाळा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे उदाहरणांवाचून उमजत नाही. म्हणून येथे चार प्रयोग पाहू या. साधने त्यांना अत्यल्प लागतात.

पहिला प्रयोग दुकानाचा. व्यापारी कुटुंबातील मुलाला याहून जवळचे उदाहरण कोणते? दुकानात बिलाचे संगणक आहेत, कॅमेरे आहेत आणि ग्राहकांसाठी वायफाय आहे. तिन्ही एकाच जाळ्यात असतील तर ग्राहकाच्या मोबाइलमधून बिलाच्या संगणकापर्यंत वाट मोकळी राहते. म्हणून १९२.१६८.१.० या २५६ पत्त्यांच्या वस्तीचे चार समान वाडे करावेत. प्रत्येक वाड्यात ६४ पत्ते येतात. पहिला वाड्याच्या नावासाठी आणि शेवटचा दवंडीसाठी राखीव, म्हणून उपयोगाचे ६२. एक वाडा बिलाला, दुसरा कॅमेऱ्यांना, तिसरा पाहुण्यांना, चौथा भविष्यासाठी. मग स्विचवर तीन स्वतंत्र व्हीलॅन करावेत, आणि पाहुण्यांच्या वाड्यातून बिलाच्या वाड्यात जाणारा रस्ता नियम लिहून बंद करावा. ही आकडेमोड वहीत रूक्ष वाटते. आपल्याच दुकानाचा नकाशा समोर ठेवला की तीच रंजक होते.

दुसरा प्रयोग परतीच्या वाटेचा. दुकान एका राउटरमागे, गोदाम दुसऱ्या राउटरमागे. विद्यार्थी दुकानाच्या राउटरला गोदामाचा मार्ग शिकवितो आणि संदेश पाठवितो. उत्तर येत नाही. तो आपल्या राउटरवरील सर्व ओळी पुन्हा तपासतो. चूक सापडत नाही. मग पॅकेट ट्रेसरमध्ये एकेक पाऊल पाहिले की उलगडा होतो. संदेश गोदामात सुखरूप पोहोचला होता. गोदामाच्या संगणकाने उत्तरही दिले होते. परंतु गोदामाच्या राउटरला दुकानाकडे जाण्याचा मार्गच कोणी सांगितला नव्हता, म्हणून उत्तर तेथेच टाकून दिले गेले. ‘जाण्याची वाट सांगितली म्हणजे येण्याची आपोआप कळत नाही’ हा धडा एकदा असा मिळाला की जन्मभर विसरत नाही. प्रत्यक्ष नोकरीतील कित्येक तक्रारींचे मूळ हेच असते.

तिसरा प्रयोग शेजाऱ्यांच्या अबोल्याचा. ओएसपीएफ या पद्धतीत राउटर परस्परांना ठरावीक अंतराने नमस्कार घालतात. इथरनेटवर सामान्यतः दर १० सेकंदांनी, आणि ४० सेकंद नमस्कार आला नाही तर शेजारी गेला असे मानतात. एका बाजूचा कालावधी मुद्दाम बदलावा. वायर ठीक, पत्ते ठीक, तरीही दोघांत शेजारधर्म जुळत नाही. असे बिघाड एका विद्यार्थ्याने करावेत आणि दुसऱ्याने शोधावेत. दोन मित्रांच्या या खेळात जितके शिक्षण होते, तितके एकट्याने दहा प्रकरणे वाचूनही होत नाही.

चौथा प्रयोग खऱ्या स्विचचा, आणि त्यासाठीच तो जुना स्विच जवळ हवा. वायरचे टोक स्वतः बसवावे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा आठ रंगांचा क्रम पाहण्यापेक्षा बोटांना शिकवावा लागतो. वायर लावल्यावर दिवा लगेच हिरवा होत नाही. जुन्या पद्धतीच्या स्विचवर सुमारे ३० सेकंद तो पिवळसर राहतो. नवशिक्याला वाटते, यंत्र बिघडले. वास्तविक तो स्विच त्या वेळात जाळ्यात कोठे फेरा तर तयार होत नाही ना, याची खातरजमा करीत असतो. रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ च्या सुमारास डीईसी या कंपनीत असताना ही पद्धत शोधली. दोन स्विचमध्ये दोन वायरी जोडून ही दक्षता मुद्दाम बंद केली की सारे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागतात आणि क्षणार्धात जाळे ठप्प होते, कारण फेऱ्यात सापडलेल्या संदेशाला थांबविणारी मर्यादा त्या पातळीवर नसते. एका निष्काळजी वायरीने अवघे कार्यालय कसे बंद पडते, हे घरच्या टेबलावर पाहिलेला तरुण कामावर गेल्यावर वायरीला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

सरावाची शिस्त

साधने स्वस्त झाली म्हणजे विद्या स्वस्त झाली असे नव्हे. दुसऱ्याने बांधलेले जाळे पडद्यावर पाहत बसणे म्हणजे सराव नव्हे. प्रत्येक प्रयोग कोऱ्या पडद्यापासून सुरू करावा, पूर्ण झाल्यावर पुसून टाकावा आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता पुन्हा बांधावा. एक वही ठेवावी. तीत तीनच गोष्टी लिहाव्यात : काय करावयाचे होते, काय अडले आणि ते कशाने सुटले. सहा महिन्यांनी ही वही विकत मिळणाऱ्या कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा मोलाची होते. मुलाखतीला जाताना ती सोबत नेली तर प्रमाणपत्राआधी तीच बोलू लागते.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रमाणपत्र हा नोकरीचा हुकूम नव्हे. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती वाचून मोठी रक्कम भरण्यापूर्वी त्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने किती तास काम करावयास मिळते, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर समाधानकारक नसेल, तर तेच पैसे संगणकाची स्मृती वाढविण्यात व परीक्षेच्या शुल्कात अधिक सार्थकी लागतील. संध्याकाळच्या वर्गासाठी दूर जाणे ज्या मुलींना शक्य होत नाही, त्यांना तर घरची ही प्रयोगशाळा मोठाच आधार आहे.

सामायिक प्रयोगशाळा

बंधू-भगिनींनो, संस्थांच्या वतीने शिष्यवृत्त्या दिल्या जातात, पुस्तकपेढ्या चालतात, वसतिगृहे उभी राहतात. पुस्तकपेढीमागचा विचार असा की जे पुस्तक एका विद्यार्थ्याला वर्षभर लागते, ते पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या उपयोगी पडावे. हाच विचार प्रयोगशाळेलाही लागू होतो, किंबहुना अधिक लागू होतो. सॉफ्टवेअर बहुतांशी विनामूल्य आहे. यंत्रे वापराने झिजत नाहीत. वसतिगृहातील एक खोली, कार्यालयांतून काढलेले पण सुस्थितीतील चार-पाच संगणक, त्यांत वाढविलेली स्मृती, एक-दोन जुने स्विच, वायर बसविण्याची पक्कड आणि भिंतीवर एक फळा, एवढ्यावर काम भागते. वायरींचा पसारा व विजेची जोडणी जाणत्याकडून करून घ्यावी, वापराची नोंदवही ठेवावी आणि परवान्यावाचून कोणतेही सॉफ्टवेअर तेथे चालणार नाही, हा नियम दारावरच लावावा.

यंत्रांपेक्षाही अशा खोलीला माणूस लागतो. नोकरीत स्थिरावलेल्या तरुणाने महिन्यातील एक रविवार द्यावा, जाळ्यात एक बिघाड करून ठेवावा आणि मुलांना शोधावयास सांगावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. जो विद्यार्थी यंदा उत्तीर्ण झाला, त्याने पुढच्या वर्षीच्या दोघांना हाताशी धरावे. परीक्षेच्या शुल्कासाठी साहाय्य द्यावयाचे झाल्यास अर्जासोबत गुणपत्रिकेइतकेच महत्त्व त्या सरावाच्या वहीला द्यावे. त्यामुळे मदत योग्य हाती जाईल, आणि शुल्क पुन्हा भरण्याची वेळ क्वचितच येईल.

पहिला क्रमांक प्रयोगशाळेला देणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती. उमेदवार येतात आणि जातात. त्यांना घडविणारी जागा टिकावी लागते. पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते, तेव्हा तिच्या भिंतींनी अशा अनेक पिढ्या घडताना पाहिलेल्या असतात. येत्या काळात त्या भिंतींआड कोठेतरी एक लहानसा स्विच लुकलुकत राहावा. त्याचा पिवळसर दिवा हिरवा होईपर्यंत धीर धरणारा विद्यार्थी त्याच्यासमोर बसलेला असावा, आणि त्याच्या शेजारी त्याची चूक शांतपणे पाहणारा, पण लगेच न सांगणारा एक मोठा भाऊ असावा. एवढे झाले, तरी या विषयाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.